बोटीवरचे खलाशी, त्यांचे कागद आणि नवा परदेशी नागरिक कायदा : आपल्या बंदरांत काय करायला हवं?

दर्यासारंग (धागाकर्ती)

नारळीपौर्णिमा झाली की आमच्या बंदरात दोनच गोष्टींची धावपळ असते, बोटी पाण्यात लोटायच्या आणि खलाशी जमवायचे. आमच्या घरच्या दोन बोटी, दापोली तालुक्यात. दोन्हींवर मिळून १७ माणसं. त्यातली ९ नेपाळची, ४ कर्नाटकातली, २ झारखंडची आणि गावची फक्त २. ती दोन म्हणजे दोन्ही बोटींचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. आजोबांच्या काळात सगळी बोट एका आळीतली असायची. आता आमची पोरं मुंबईत, नाहीतर आखातात.

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमाराला आमची बोट बंदरात शिरताना गस्तीवाल्यांनी थांबवली. टॉर्च मारून खलाशांची यादी मागितली. यादीत आठ नावं, बोटीवर आठ माणसं, पण दोन नावं जुळेनात. कारण साधं होतं. ऑगस्टमध्ये यादी दिली तेव्हा जे दोघं होते ते गणपतीनंतर उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडून दुसऱ्या बोटीवर गेले आणि त्यांच्या जागी दोन नवे आले. त्यातला एक विशीचा पोरगा, पश्चिम नेपाळातला. त्याने तांदळाच्या डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्या आत दुसरी पिशवी, तिच्या आत घडी घातलेली 'नागरिकता', म्हणजे नेपाळचा नागरिकत्वाचा दाखला. घडीवरची अक्षरं पुसट झालेली, फोटोचा अर्धा चेहरा पांढरा. त्या कागदाकडे बघत सगळे अर्धा तास उभे. बोट सकाळी दहाला सुटली. म्हावरा लिलावाला पोचला नाही, बर्फाचं पाणी झालं होतं.

गस्तीवाल्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. ते विचारणार नाहीत तर कोण विचारणार? माझं दुखणं पुढचं आहे. यादी दुरुस्त करून घ्यायला मी स्वतः गेले. एका कार्यालयात सांगितलं, सोमवारी या. सोमवारी सांगितलं, हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या कार्यालयात. पलीकडे सांगितलं, हंगामाच्या सुरुवातीला जी यादी दिली तीच. म्हणजे बोटीवर नसलेल्या दोन माणसांची नावं मे महिन्यापर्यंत सरकारी कागदावर माझ्या बोटीत राहणार, आणि असलेल्या दोघांचा कुठेच पत्ता नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू झालाय. सगळीकडे चर्चा शिक्षेची आहे. पण माझ्या बोटीवर आज रात्री कोण झोपलंय हे शासनाला खरंखरं कळावं, यासाठी आपण काय करतोय? इतर बंदरांत काय पद्धत आहे ते सांगा. मला हे नीट करायचं आहे.

श्रीवर्धनकर

धागा काढलात हे बरं केलंत. मी थोडं कडक बोलणार आहे, राग मानू नका.

मी शेखाडीपासून फार लांब राहत नाही. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघीला आणि शेखाडीला जे उतरलं, त्याने १२ मार्चला मुंबईत १२ ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. तेव्हा मी सातवीत होतो. पुढची कित्येक वर्षं गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस एक क्षण थांबायचा. मुंबईत नोकरीच्या मुलाखतीला गेलो, तिथेही थांबला. गुन्हा मूठभरांचा, पण डाग अख्ख्या पट्ट्याला लागला. नंतर २००८. दहा जण, समुद्रातूनच, १६६ बळी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारशी बोट लागली, आत तीन एके-४७. ती निघाली ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, इंजिन बिघडल्यावर ओमानजवळ सोडून दिलेली, वाहत आलेली. पण तो दिवस आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. दुकानं बंद, रस्त्यावर नाकाबंदी, आई सारखी फोन करून विचारतेय मुलं शाळेतून आली का.

म्हणून मला वाटतं, ओळख पटत नसेल तर माणूस बोटीवर चढताच कामा नये. नवा कायदा बरोबर आहे. पासपोर्ट-व्हिसाशिवाय घुसला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटे कागद वापरले तर २ ते ७ वर्षं, दंड १ लाखापासून १० लाखांपर्यंत. आधी धाक असायला हवा, नोंदीचं मग बघू.

चौल_रेवदंडा

श्रीवर्धनकरांच्या भावनेशी सहमत, पण त्यांनीच दिलेली उदाहरणं जरा जवळून बघू या.

१९९३ चा माल उतरला तेव्हा कायद्यात धाक नव्हता का? होता की. कस्टम होतं, पोलीस होते. पैसे घेऊन वाट मोकळी करून देणारे त्यांच्यातलेच काही जण होते आणि न्यायालयाने त्यांना शिक्षाही दिल्या. त्या रात्री शेखाडीत कुणा परदेशी मजुराची नोंद राहून गेली म्हणून काही घडलं नाही.

२००८ ला हल्लेखोरांनी ताब्यात घेतलेली 'कुबेर' ही पोरबंदरची भारतीय बोट होती. भारतीय नोंदणी, भारतीय नंबर. लांबून बघणाऱ्याला ती आपलीच वाटणार. कागद खरे होते, आतली माणसं बदललेली होती. म्हणजे बोटीची ओळख पटली एवढ्यावर भागत नाही, बोटीवरच्या माणसांची पटायला हवी. धागाकर्ती नेमकं तेच म्हणतेय.

बाकी बधवार पार्कजवळ ते उतरले तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. हरिहरेश्वरलाही बोट आधी गावच्या लोकांनीच बघितली. किनाऱ्याला अजून तरी माणसाच्या डोळ्याइतकं चांगलं यंत्र मिळालेलं नाही.

वकील_चिपळूण

कायद्याबद्दल थोडं, कारण गावात भलत्याच गोष्टी पसरल्यात. परवा एका बागायतदाराने मला विचारलं, 'नेपाळ्यांना आता व्हिसा लागणार का हो?' नाही लागणार.

नवा कायदा चार जुने कायदे गुंडाळून आला. १९२० चा पासपोर्टचा, १९३९ चा नोंदणीचा, १९४६ चा परदेशी नागरिकांचा आणि २००० चा प्रवासी वाहून आणणाऱ्यांच्या जबाबदारीचा. चारांचा एक केला हे मला स्वतःला चांगलं वाटतं, त्यातले तीन तर इंग्रजांच्या काळातले होते. नेपाळी नागरिकाला जमिनीवरून किंवा विमानाने येताना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही ही सवलत नव्या आदेशातही कायम आहे. मुळात १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, काम-धंदा करायची मोकळीक दिली आहे. तुमच्या बोटीवरचा तो पोरगा कायद्याने पूर्ण सरळ आहे. त्याचा दोष असेल तर एवढाच की त्याचा कागद भिजलाय.

दुसरी गोष्ट लोकांना ठाऊक नसते. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच असतो. १९४६ च्या कायद्यात कलम ९ होतं, नव्यातही तेच ठेवलंय. आधार कार्ड दाखवून भागत नाही, कारण आधार रहिवाशाला मिळतं, तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. आता विचार करा, मुर्शिदाबादचा गवंडी किंवा झारखंडचा खलाशी, ज्याच्या घरी जन्मदाखला नाही, जमिनीचा उतारा आजोबांच्या नावावर, तो रात्री अकराला भर समुद्रात काय सिद्ध करणार? २०२५ च्या जूनमध्ये आपल्याच राज्यातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकललं गेलं आणि नंतर ते भारतीय असल्याचं दाखवून परत आणावं लागलं. बेकायदा आलेल्याला परत पाठवायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तपास आधी, पाठवणी नंतर.

श्रीवर्धनकर, शिक्षेचे आकडे तुम्ही अचूक दिलेत. पण ते घुसणाऱ्यासाठी आहेत. यादी दुरुस्त करून न देणाऱ्या टेबलासाठी कायद्यात काहीच नाही.

झाईची_लेक

मी डहाणू-झाई पट्ट्यातली. आमच्याकडचे पुरुष ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तुम्ही सगळे किनाऱ्यावरून बोलताय, मी दुसऱ्या टोकाचं सांगते.

आमच्या नात्यातला एक जण गुजरातच्या बोटीवर असताना बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षावाल्यांनी धरून नेली. पाण्यात रेघ ओढलेली नसते. घरी बातमी आली ती बोट मालकाच्या माणसाकडून, चौथ्या दिवशी. मालकाला बोटीचा नंबर पाठ होता, इंजिन कुठल्या कंपनीचं ते पाठ होतं. खलाशांची पूर्ण नावं त्याच्याकडे नव्हती. यादीत आमच्या माणसाचं नाव होतं ते टोपणनाव, गावही चुकीचं.

त्याचा त्रास किती होतो ते ऐका. तिकडून माणूस सुटायचा तर आधी तो भारतीय आहे याची खात्री इकडून जावी लागते. तालुक्याचे पोलीस घरी येतात, फोटो जुळवतात, कागद दिल्लीला जातात. नावच चुकलेलं असेल तर सगळं थांबतं. त्याच्या बायकोने शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लग्नाचा फोटो असं सगळं एका पिशवीत घालून किती फेऱ्या मारल्या ते मी पाहिलंय. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, २००८ चा करार आहे. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने २१७ मच्छीमार दाखवले होते. त्या दोन तारखा आमच्या पाड्यावर सणासारख्या पाठ असतात, फक्त त्या दिवशी कुणी गोड करत नाही.

म्हणून दर्यासारंगताई, तुम्ही जी यादी नीट करायला धडपडताय ती नुसती पोलिसांसाठी आहे असं समजू नका. ती त्या पोराच्या आईसाठी आहे. उद्या बोट बुडाली, वाऱ्यात भरकटली, कुणी धरली, तर तो त्या बोटीवर होता एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असेल.

दर्यासारंग

झाईची_लेक, तुझं वाचून मी उठले आणि आमचं रजिस्टर काढून बघितलं. नऊ नेपाळ्यांपैकी सहा जणांच्या घरचा फोन आमच्याकडे नाही. तीन जणांचं आडनाव आम्ही 'थापा' लिहिलंय आणि त्यातला एकच थापा आहे. चूक आमच्या घरची आहे, कार्यालयाला बोलून उपयोग नाही.

पावस_आंबेवाला

आमच्याकडे बोटी नाहीत, कलमं आहेत. पण गोष्ट तीच. रत्नागिरीच्या बागांत राखणीपासून फवारणीपर्यंत आणि घळाने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा काढण्यापर्यंत नेपाळी माणूस लागतोच. आमच्याकडे एक जोडपं बारा वर्षं आहे, त्यांची मुलगी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहिते. त्यांची माहिती पोलीस ठाण्यात दरवर्षी देतो, फोटोसकट. कुणी पोच देत नाही. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला तेव्हा 'कशाला हवा' म्हणाले. तरी मागून घेतला.

शेजारच्या बागेत मात्र ठेकेदार माणसं आणतो. किती, कुठली, मालकालाच माहीत नसतं. चोरी झाली की सगळ्या नेपाळ्यांना उभं करतात, आमच्याकडच्यालाही. बारा वर्षं नोंद असलेल्या माणसाला आणि काल आलेल्याला एकाच रांगेत उभं केलं तर पुढच्या वर्षी नोंद करायला कोण येईल?

श्रीवर्धनकर

आंबेवाले, तुमचा शेवटचा मुद्दा पटला. मी आधी धाक म्हणालो. पण धाकाने माणूस पळतो किंवा लपतो, आणि लपलेला माणूस हीच माझी भीती आहे. झाईच्या ताईंचं वाचल्यावर दोन दिवस डोक्यात तेच होतं.

तरी एक सोडणार नाही. नोंद सोपी करा, पण मग नोंद नसलेला माणूस बोटीवर सापडला तर मालकालाही जाब द्यावा लागला पाहिजे. आज स्वस्त मिळतो म्हणून ठेकेदाराकडून कुणीही घेणारे आपल्यातलेच आहेत. त्यांना पाठीशी घालू नका.

दर्यासारंग

१०० टक्के मान्य. मालकाला जाब हवाच. माझ्यासकट.

मुरुड_आखात

या धाग्यावर लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

माझे वडील सौदीत होते. कफीलने (तिथल्या मालकाने) आठ महिने पगार दिला नाही म्हणून ते दुसरीकडे कामाला लागले. कफीलने त्यांना 'हुरूब' लावला, म्हणजे पळून गेला अशी नोंद. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला. त्या दिवसापासून माझा बाप, ज्याने आयुष्यात कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, तो त्या देशात बेकायदा माणूस झाला. दोन वर्षं ते दिवसा बाहेर पडले नाहीत. दाढ दुखली तरी डॉक्टर नाही. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने ३ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली, कागद नीट करा नाहीतर विनाशिक्षा घरी जा. तेव्हा ते आउटपासवर (घरी परतण्यापुरत्या कागदावर) आले. मुंबई विमानतळावर हातात एकच पिशवी होती.

आपल्या मुरुड-म्हसळा-खेड पट्ट्यात दर दुसऱ्या घरात अशी एक कहाणी आहे, फक्त कुणी बोलत नाही. सौदी सरकारला कायदा राखायचा अधिकार होता, मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याच्या हातात त्याचे कागद होते त्या मालकाने ते अडकवले आणि बेकायदा ठरला कामगार. आपल्याकडे किती नाखवे (बोटमालक) खलाशांची ओळखपत्रं उचल फिटेपर्यंत स्वतःच्या कपाटात ठेवतात, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं. कागद कपाटात आणि माणूस समुद्रात, मग गस्तीवाल्याला तो काय दाखवणार?

दर्यासारंग

ठेवतात. आमच्याकडेही वडिलांच्या वेळेपर्यंत ठेवायचे. मी दोन वर्षांपूर्वी बंद केलं आणि त्या हंगामात एक जण उचल घेऊन पळाला, २५ हजार गेले. तरी परत सुरू करणार नाही.

सागररक्षक_गुहागर

मी आमच्या गावच्या सागर सुरक्षा दलात आहे. पोलिसांच्या बाजूनेही कुणी लिहायला हवं.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल सागरी पोलिसांचे, पुढे २०० मैलांपर्यंत तटरक्षक दल, आणि २००९ पासून सगळ्याची एकत्रित जबाबदारी नौदलाकडे. कागदावर हे तीन पदर व्यवस्थित आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी आपण ७२० किलोमीटर म्हणत आलो, नव्या मोजणीत ती जवळपास ८७८ किलोमीटर भरली, कारण खाड्यांची वळणं आता बारकाईने धरली. त्या वळणांतच सगळी गंमत आहे. गस्तीची बोट खाडीच्या तोंडाशी असते, आत कुठल्या खाजणात कोण उतरलं ते ओहोटीला चिंबोऱ्या धरायला गेलेल्या बाईलाच कळतं.

'सागर कवच'चा सराव असतो तेव्हा आपलेच जवान घुसखोर बनून येतात आणि आपण त्यांना पकडायचं असतं. एकदा आमच्या गावात त्यांना पकडलं ते सुकट वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्या आजीने. आजी म्हणाली, 'हे पोर वाळूत बूट घालून चालतंय, हे दर्यावरचं नाही.' माझा मुद्दा असा की आजीने फोन केला कारण ठाण्यातला हवालदार तिला नावाने ओळखतो. १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४, हे दोन नंबर प्रत्येकाने पाठ करा, पण नंबर लावायची इच्छा व्हायला ओळख लागते. खलाश्याला पोलिसांची भीती असेल तर समुद्रात त्याने काही वेगळं पाहिलं तरी तो बोलणार नाही. आणि सर्वांत जास्त तोच बघतो, चार-पाच दिवस आत असतो.

नव्या ट्रान्सपाँडरबद्दल कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो. ३६४ कोटींची योजना आहे, देशभरात १ लाख नौकांना बसवायचे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरलाच सुरुवात झाली. यंत्र छान आहे, संकटात संदेश पाठवता येतो, रेघेच्या जवळ गेलात तर इशारा मिळतो. झाईच्या ताई, तुमच्या माणसांना याचा उपयोग होईल. पण ते बोट कुठे आहे ते सांगतं, बोटीवर कोण आहे ते नाही.

वकील_चिपळूण

मग करायचं काय, तेही लिहून टाकू. माझ्या मते प्रत्येक बंदरावर जिथे समुद्रात जायचं टोकन घेतो तिथेच खलाशी बदलल्याची नोंद व्हावी, त्याच दिवशी, वेगळ्या कार्यालयात न जाता. टोकन, नाव, फोटो, सही, पोच. मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव करून मत्स्यव्यवसाय खात्याला आणि पोलीस अधीक्षकांना द्या. मसुदा मी फुकट करून देते. परदेशी कामगार असेल तर तो कुठल्या देशाचा आहे हे स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही. लपवलेल्या नेपाळ्याला उद्या बांगलादेशी म्हणून उचलतील आणि तेव्हा सोडवायला मीच धावत येणार आहे.

मालवणी_वारो

आमच्या सिंधुदुर्गात दुसरा एक हा. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री आमच्या बारा मैलांत येतत आणि जाळी साफ करून जातत. तेंची यादी कोण तपासता? (उरलेलं सगळ्यांना कळावं म्हणून मालवणी सोडून लिहितो.) गावच्या लहान मच्छीमाराला दर खेपेला कागद विचारायचे आणि मोठ्या बोटींकडे कानाडोळा करायचा, असं झालं की नियमावरचा विश्वासच उडतो. दर्यासारंगताईंच्या नोंदीला माझा पाठिंबा आहे, पण तपासणी सगळ्यांची सारखी हवी.

दर्यासारंग

सगळ्यांना खूप मनापासून धन्यवाद. काल सोसायटीची बैठक झाली. ३४ मालक आले होते. ठराव झाला, दोघांनी विरोध केला, त्यांचं म्हणणं 'उगाच आपणहून कशाला दाखवायचं'. त्यांना झाईची_लेकचा प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवला. एकाने सही केली, एक उठून गेला.

आज पहाटे बोट निघायच्या आधी धक्क्यावर बसून आठही जणांची माहिती पुन्हा लिहिली. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा, देश, कागद कुठला, घरचा फोन. त्या विशीच्या पोराची नागरिकता स्कॅन करून दोन प्रती कोटिंग करून दिल्या, मूळ कागद घरी पाठव म्हणून सांगितलं. घरच्या फोनच्या रकान्यात त्याने आधी मोठ्या भावाचा नंबर दिला, तो मलेशियात कामाला आहे. मग थोड्या वेळाने परत आला आणि म्हणाला, भावाचा नको, आईचा लिहा.

वकील_चिपळूण, मसुदा पाठवा. आंबेवाले, तुमच्या शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो टाका (नावं झाकून), तोच नमुना वापरते. सोमवारी टोकनच्या खिडकीवर जाणार आहे, काय म्हणतात ते इथेच लिहीन.